बाळ केतकरांची दोन वर्तुळं

बाळ केतकर चौसष्ट वर्षांचे झाले तरी सगळं कळवा गाव त्यांना बाळच म्हणायचं, आणि त्यांच्या बायकोचं, हेमाचं, मत असं होतं की लोकांची पारख सहसा चुकत नाही.

निवृत्त झाल्यावर माणसं काहीबाही धरतात. कुणी बागेत जाऊन हात वर करून खोटं खोटं हसतं, कुणी नातवंडं सांभाळतं. बाळ केतकरांनी तत्त्वज्ञान धरलं. डोंबिवलीला कुठल्याशा सभागृहात ‘रोजच्या जगण्यातलं तत्त्वज्ञान’ अशा नावाचं व्याख्यान होतं. तिथे ते मित्राच्या आग्रहाखातर गेले आणि परत आले ते दोन वर्तुळं घेऊन. दुसऱ्याच दिवशी ठाण्याहून एक काळा फळा आणून त्यांनी तो बैठकीच्या खोलीत, आपल्या आरामखुर्चीसमोर टांगला. त्यावर खडूने एक लहान वर्तुळ काढलं आणि त्याच्याभोवती एक मोठं. लहान वर्तुळात लिहिलं, ‘आपल्या हातात’. मोठ्यात लिहिलं, ‘आपल्या हाताबाहेर’. शहाण्या माणसाने आतल्या वर्तुळात झटावं, बाहेरच्याचा शोक करू नये, म्हणजे आधी माणूस घडतो आणि मग समाज घडतो, असा एकूण सिद्धान्त होता.

ऐकायला वाईट नव्हता. हेमालाही पहिले दोन दिवस बरंच वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की घरातलं एकेक काम हळूच बाहेरच्या वर्तुळात सरकतंय. मोरीतला नळ गळतो, ते प्लंबरच्या हातात. गॅस संपला, ते गॅसवाल्याच्या हातात. हेमाचा गुडघा दुखतो, ते वयाच्या हातात. आतल्या वर्तुळात शेवटी दोनच गोष्टी उरल्या, बाळ केतकरांचं मन आणि त्यांचा दुपारचा चहा. त्यातला चहासुद्धा हेमा करायची.

तत्त्वज्ञान एकट्याने पचत नाही, त्याला ऐकणारे लागतात. म्हणून ‘सजग चिंतन मंडळ’ निघालं. त्यात नीरजा होत्या, कॉलेजातून निवृत्त झालेल्या प्राध्यापिका. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘मुळात’ने सुरू व्हायचं आणि पुन्हा मुळाशीच जाऊन संपायचं. सलिल होता, चाळिशीतला, आयटीत नोकरी करणारा. तो सकाळी फिरताना कानात बोंडं घालून इंग्रजी उपदेश दुप्पट वेगाने ऐकायचा आणि दर आठवड्याला आपण माणूस म्हणून किती वाढलो ते मंडळाला सांगायचा. बाकीची सात-आठ मंडळी माना डोलवायला होती. दर रविवारी सकाळी हे सगळे शेजारच्या अभ्यासिकेत जमायचे, आणि हेमाने थर्मासमधून कॉफी पोचवायची, असा रिवाज पडून गेला होता. तो कुणी पाडला हे चिंतनात कधी आलं नाही.

अभ्यासिका म्हणजे केतकरांच्या इमारतीला लागून असलेली पालिकेची एक खोली. पूर्वी तिथे बालवाडी भरायची. ती बंद पडली आणि खोलीत डासांनी संसार थाटला. हेमा तेव्हा पोस्टात नोकरीला होती. तिने नगरसेवकाच्या घरी खेटे घालून किल्ली मिळवली, मैत्रिणींना घेऊन खोली धुऊन काढली, ट्यूबलाइट लावून घेतल्या, लग्नाच्या हॉलमधून मोडीत निघालेली टेबलं आणली, आणि वर डोंगराच्या चढावर ज्या चाळी आहेत तिथल्या पोरांना निरोप धाडला की या आणि अभ्यास करा. कागदोपत्री काहीच नव्हतं. किल्ली हेमाच्या दारामागच्या खिळ्याला असायची. पहाटे ती उघडायची, रात्री पोरं गेली की बंद करायची. इतकी वर्षं त्यात कुणाला काही तत्त्वज्ञान दिसलं नव्हतं.

रविवारी मंडळ आलं की पोरं गुपचूप उठायची आणि केतकरांच्या इमारतीच्या जिन्यात, मांडीवर पुस्तकं घेऊन, ओळीने पायऱ्यांवर बसायची. आत पंख्याखाली मंडळ ‘तरुण पिढी वाचत का नाही’ ह्यावर चिंतन करायचं. हेमा थर्मास घेऊन त्या पायऱ्या उतरायची तेव्हा पोरांना पाय आखडून तिला वाट द्यावी लागायची.

त्या पोरांत रचना होती. घर चढावर, दहा बाय बाराची खोली. तिच्यात आईचं शिलाई मशीन, बारावीतला भाऊ सम्यक, आणि आजोबा देवराम, ज्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे टीव्ही अख्ख्या चाळीला ऐकू जायचा. रचना राज्यसेवेची परीक्षा देत होती. गेल्या खेपेला मुख्य परीक्षेत थोडक्यात हुकली होती. वडिलांनी सांगून टाकलं होतं, ही शेवटची, आता नाही झालं तर ठाण्याच्या मॉलमध्ये काउंटरवर उभं राहायचं. वडील वाईट नव्हते, थकले होते. रचना पहाटे सर्वांत आधी यायची आणि पंख्यापासून लांबच्या कोपऱ्यात बसायची, कारण पंख्याखाली पानं उडतात.

एके दिवशी तीच धापा टाकत हेमाच्या दारात आली.

“काकू, दारावर पालिकेचा कागद चिकटवलाय बघा. महिनाअखेर लॉक मारणार बोलतात. ज्या रूम कुठल्या संस्थेच्या नावावर नाहीत त्या सगळ्या बंद.”

“आणि तुझी परीक्षा?”

“पुढच्या महिन्यात.” ती जरा थांबली. “काकू, घरी नाही होत हो. मी ट्राय केलेला.”

हेमाने हातातलं पीठ तसंच ठेवलं आणि बैठकीच्या खोलीत गेली. बाळ केतकर आरामखुर्चीत डोळे मिटून होते. ती चिंतनाची वेळ होती.

“अहो, ऐकलंत ना? उठा. जा त्या ऑफिसात.”

बाळ केतकरांनी डोळे न उघडता विचारलं, “पहिला प्रश्न असा, की हे आपल्या हातात आहे का?”

“आहे. तुम्ही मंत्रालयात जन्म काढलात, अर्ज कसा पुढे सरकतो ते तुम्हाला कळतं. नीरजाताईंचे विद्यार्थी साहेब होऊन बसलेत. आणि तुम्हा सगळ्यांना वेळच वेळ आहे.”

“मंडळापुढे ठेवतो,” बाळ केतकर म्हणाले.

मंडळापुढे विषय आला तो असा: ‘अन्यायाच्या प्रसंगी विवेकी माणसाने रागवावं काय?’ एक रविवार रागाच्या व्याख्येत गेला. दुसऱ्या रविवारी नीरजा म्हणाल्या, “मुळात ही खोली पोरांची आहे असं आपण कुठल्या अर्थाने म्हणतो?” आणि दोन तास ‘आपलं’ ह्या शब्दाची साल काढली गेली. पोरं जिन्यात बसून होती. महिना संपत आला होता. हेमा थर्मास घेऊन आली तेव्हा सलिल तिला समजावायला लागला.

“काकू, तुम्ही ना रिअ‍ॅक्ट होताय. थोडं थांबा, श्वास घ्या, मग रिस्पॉन्ड करा. मी स्वतःवर ह्याच गोष्टीवर काम करतोय सध्या.”

हेमाने थर्मास टेबलावर आपटला.

“लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! अरे, एवढी कॉफी मी म्हशींना पाजली असती तर त्यांनी दूध तरी दिलं असतं. गेली दोन वर्षं तुम्ही समाज घडवताय ना? मग हा घ्या समाज, बाहेर जिन्यात बसलाय. जाऊन एका साहेबासमोर तोंड उघडायचंय फक्त. तेवढंही होत नसेल तर तो फळा पुसून माझ्या किराण्याच्या यादीसाठी द्या.”

मग नीरजाच म्हणाल्या की हेमाताईंच्या बोलण्यात तथ्य आहे, विचार आचरणात उतरला पाहिजे, आणि नागरिक म्हणून सहभाग घेणं हीसुद्धा साधनाच आहे. ‘साधना’ हा शब्द आल्यावर सगळ्यांना हुरूप आला.

आणि खरोखर, ही माणसं उठली. कडक इस्त्रीचे झब्बे घालून रिक्षा करून ऑफिसात गेली. तिथल्या अधिकाऱ्याने सरळ सांगितलं, खोली नोंदणी झालेल्या संस्थेला मिळू शकते, अर्ज करा. बाळ केतकरांच्या अंगात जुना कारकून जागा झाला. त्यांनी अर्ज असा लिहिला की वाचणाऱ्याने उठून उभं राहावं. मंडळाच्या नोंदणीचे कागद सलिलच्या ओळखीच्या सीएने झटपट केले. नीरजांचा एक विद्यार्थी त्याच ऑफिसात साहेब निघालाच. महिनाअखेर कुलूप लागलं नाही. उलट खोली मंडळाच्या नावावर झाली.

खोटं का सांगा, हेमाला अभिमान वाटला. इतक्या वर्षांत नवऱ्याबद्दल एवढं भरून आलं नव्हतं. तिने वाल भिजवले, मोड आणले आणि एकेक डाळिंबी सोलत बसली, कारण डाळिंब्यांची उसळ बाळ केतकरांच्या जिवाची. गुडघा ठणकत होता तरी सोलत बसली. आपणच माणसाला ओळखायला चुकलो, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

संध्याकाळी बाळ केतकर हातात कागदाची सुरळी घेऊन आले आणि त्यांनी ती टेबलावर उलगडली. मंडळाने एकमताने केलेला आराखडा होता. अभ्यासिकेचं आता ‘नागरिक विचार केंद्र’ होणार. मोडकी टेबलं जाणार, गादीच्या खुर्च्या येणार, सलिलच्या कंपनीकडून एसी मिळणार. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा ज्येष्ठांचं वाचन, मनन, संवाद. एरवी सामानाच्या सुरक्षिततेसाठी बंद.

“आणि पोरं?” हेमाने विचारलं.

“त्यांचा विचार केलाय ना. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी युवा-चिंतन. विनामूल्य.”

हेमाला आधी वाटलं, थट्टा करतायत. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडावर निर्मळ समाधान होतं. ह्या माणसांनी लबाडी केली असती तर तिला एक वेळ परवडलं असतं. चोर निदान चोरी करतोय हे जाणून असतो. ह्यांनी लढाई सुरू केली, आणि लढता लढता ती कुणासाठी होती तेच विसरून गेले. एकाच्याही ध्यानात आलं नाही.

“अहो, ती खोली वाचवायची होती ती पोरांसाठी.”

“खोली वाचवलीच की. कुलूप लागणार होतं, नाही लागलं. आणि आम्ही कुणाला हाकललेलं नाही. मंडळ तर आहेच, शिवाय पंचावन्नच्या पुढच्या कुणालाही सभासद होता येईल.”

“रचना बावीस वर्षांची आहे!”

“मग ते आपल्या हाताबाहेर आहे,” बाळ केतकर मायेने म्हणाले. “हेमा, घटना घटना असते. तिचं वाईट वाटून घ्यायचं की नाही, एवढंच तुझ्या हातात आहे.”

“आयत्या बिळावर नागोबा,” हेमा म्हणाली. “तेही फळा घेऊन बसलेला नागोबा.”

तिने गॅसवरचं पातेलं उचललं, अभ्यासिकेत नेलं आणि सगळी उसळ पोरांच्या डब्यांच्या झाकणांत वाढून टाकली. बाळ केतकरांना त्या रात्री दहीभात मिळाला, आणि तो त्यांनी समभावाने खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मंडळाने पोरांना बोलावून निर्णय समजावून सांगितला. हे काम सलिलकडे होतं, कारण त्याची तरुणांशी नाळ जुळते असा मंडळाचा समज होता. हेमा दाराशी उभी राहून ऐकत होती.

“बघा गाइज, अडचण हीच वाट असते,” सलिल म्हणाला. “जागा नाही, आवाज आहे, हे सगळं तुम्हाला घडवायला आलंय. माइंडसेट बदला. मी तर म्हणतो, रचना, यू आर लकी.”

“सर,” रचना म्हणाली, “तुम्ही घरी कुठे बसता अभ्यासाला?”

“माझी स्टडी आहे.”

“हां,” ती म्हणाली. त्यात ना राग होता ना रडू. तिने कोपऱ्यातली पुस्तकं उचलली, त्यांना सुतळी बांधली आणि सम्यकच्या हातात अर्धी दिली. “चल रे.” जाताना तिने सवयीने ट्यूबलाइटही बंद केली. मंडळाला अंधारात उठून ती परत लावावी लागली.

हेमाने पुढचे चार दिवस पोरांबद्दल चकार शब्द काढला नाही. बाळ केतकरांना वाटलं, हिला पटलं. फळ्यासमोर बसून त्यांनी तसं बोलूनही दाखवलं, की बघ, शांतपणे घेतलं की सगळं सोपं होतं. त्यांनी किल्ली मागितली तेव्हा तिने ती खिळ्यावरून काढून मुकाट्याने त्यांच्या हातावर ठेवली. तिने फक्त विचारलं, उद्घाटन कधी?

“रविवारी. आणि नंतर सगळे आपल्याकडेच येतील चहाला. बटाटेवडे कर. एका साप्ताहिकाचे वार्ताहरही आहेत.”

“करते की,” हेमा म्हणाली.

रविवारी फीत कापली गेली. एसीने पहिलाच गारवा सोडला आणि माना डोलवणाऱ्यांपैकी एकाला पुढच्या रांगेतच डुलकी लागली. दारावर फलक होता, ‘सजग नागरिकांनी वाचवलेली वास्तू’. नीरजा मुळाशी जाऊन आल्या. सलिल आपण ह्या प्रवासात किती वाढलो ते बोलला. शेवटी बाळ केतकर उभे राहिले आणि त्यांनी हवेत बोटाने दोन वर्तुळं काढली. समाज बदलायचा तर घरापासून सुरुवात करावी लागते, माणसाने आपलं मन मोठं करावं आणि आपली जागा लहान, असं ते म्हणाले. हे वाक्य त्यांना आयत्या वेळी सुचलं होतं. टाळ्या पडल्या. वार्ताहराने ते लिहून घेतलं.

मग सगळी मंडळी वड्यांच्या ओढीने इमारतीत शिरली. जिना रिकामा होता. रविवारी जिन्यात पोरं नाहीत हे कुणाच्या लक्षात आलं नाही, नुसतं चढायला बरं वाटलं. केतकरांच्या दारात मात्र बाळ केतकर थबकले. दार सताड उघडं होतं आणि बाहेर चपलांचा ढीग पडला होता.

बैठकीच्या खोलीतला सोफा कुठेच नव्हता. तो गच्चीत गेला होता. टीव्ही कपाटात गेला होता. केंद्राने मोडीत काढलेली टेबलं भिंतीलगत लागली होती आणि त्यांवर, जेवणाच्या टेबलावर, आतल्या पलंगावर, खिडकीच्या कट्ट्यावर पोरं पुस्तकांत डोकी घालून बसली होती. सम्यक देवघराच्या बाजूला मांडी घालून होता. पंख्यापासून लांबच्या कोपऱ्यात आरामखुर्ची सरकवलेली होती आणि तिच्यात रचना बसली होती. फळ्यावरची वर्तुळं पुसलेली होती. हेमाच्या टपोऱ्या अक्षरात तिथे दोन शब्द होते, ‘शांतता राखा’.

“हेमा, हे काय आहे?” बाळ केतकर म्हणाले.

“श्श! हळू,” हेमा दाराशी येऊन कुजबुजली. “मुलं अभ्यास करतायत.”

“अगं पण पाहुणे... वडे...”

“केलेत. पोरांनी खाल्ले. तुमची पाठ वळल्यापासून बसलीयत बिचारी.”

“हे किती दिवस चालणार?”

“रचनाची परीक्षा होईपर्यंत. मग सम्यकची. मग दुसऱ्यांच्या येतीलच.”

बाळ केतकरांचा चेहरा लाल झाला. चिंतनाच्या दोन वर्षांत तो असा कधी झाला नव्हता. “मला न विचारता? हे माझं घर आहे!”

“आपलं घर आहे,” हेमा म्हणाली. “‘आपलं’ म्हणजे काय ते नीरजाताईंना विचारा, त्यांनी दोन तास घालवलेत त्यावर.”

नीरजा जिन्याच्या कठड्याकडे बघू लागल्या. सलिलने फोन काढला. वार्ताहराने हेमाकडे बघितलं, मग खोलीकडे बघितलं आणि उंबऱ्यातूनच एक फोटो घेतला. त्याला आज पहिल्यांदाच बातमी मिळाली होती.

“मग मी बसू कुठे?” बाळ केतकरांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी मनापासून विचारला, मंडळापुढे न ठेवता.

“दहा ते सहा केंद्र आहे की तुमचं. एसी आहे.”

“आणि सहानंतर?”

आवाज वाढला होता. रचनाने मान वर केली, पुस्तकात बोट ठेवलं आणि अवघडून उठायला लागली. “काका, बसा ना तुम्ही इथे. मी खाली...”

“बस तू,” हेमा म्हणाली. त्या दोन शब्दांत असा काही जोर होता की रचनाच नव्हे, दारातली दोन-तीन मंडळीही खाली बसायला जागा शोधू लागली. मग हेमा नवऱ्याकडे वळली आणि अगदी मायेने, त्यांच्याच सुरात म्हणाली, “घटना घटना असते हो. वाईट वाटून घ्यायचं की नाही, एवढंच तुमच्या हातात आहे.”

तिने दार लोटून घेतलं.

मंडळी एकेक करून उतरली. कुणाला अचानक औषधाची वेळ आठवली, कुणाला कल्याणची पुतणी. थोडा वेळ बाळ केतकर बंद दारासमोर उभे राहिले. बेल वाजवायला त्यांनी बोट उचललं, पण बेलच्या बटणावर हेमाने चिकटपट्टी लावून ठेवली होती. मग त्यांनी झब्बा सावरला आणि पायरीवर बसले, जिथे रविवारी पोरं बसायची तिथेच. वरच्या मजल्यावरची बाई भाजी घेऊन आली तेव्हा त्यांना पाय आखडून तिला वाट द्यावी लागली.

हेमाने दाराच्या भिंगातून ते पाहिलं. तिला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं की नाही, हा विषय तिने मंडळाच्या पुढच्या रविवारसाठी ठेवून दिला आणि ती पोरांसाठी चहा टाकायला गेली.